खरखरीची कैफियत

आमच्या मेहुण्यांना दुसऱ्याचा आनंद बघवतो. पण त्यात सुधारणा सुचवल्याशिवाय राहवत नाही. गेल्या हिवाळ्यात ते आमच्याकडे मुक्कामाला होते. रात्री दीड वाजता पाणी प्यायला उठले, तर मी अंधारात हेडफोन लावून बसलेला. त्यांनी तो काढून स्वतःच्या कानाला लावला. आत खरखर, मधूनच अकॉर्डियन, पुन्हा खरखर, मग एक माणूस डच भाषेत काहीतरी बोलून स्वतःच हसला.

"कोण हा?"

"ठाऊक नाही."

"काय म्हणतोय?"

"कळत नाही."

"मग ऐकताय काय?"

सकाळी पोहे खाताना त्यांनी निकाल दिला. "अहो, असली गाणी मोबाईलवर ढिगानं पडलीत. स्वच्छ, खरखरीशिवाय. आणि तीसुद्धा दिवसा!" आमच्या हिनं त्यांच्या पोह्यांवर जास्तीचं खोबरं घालून पाठिंबा जाहीर केला. त्या खोबऱ्याला उत्तर म्हणून ही कैफियत.

तो डच माणूस चाचा होता. चाचा म्हणजे काका नव्हे. परवाना न घेता रेडिओ केंद्र चालवणाऱ्याला तिकडे समुद्री चाच्यांच्या पंगतीला बसवतात. या मंडळींशी माझी ओळख लेकीच्या बाळंतपणात झाली. ती नेदरलँड्सच्या पूर्वेला, ट्वेंटे भागात राहते. बाळंतपणाला गेलेल्या आजीला चोवीस तास काम असतं. आजोबांना हळू बोलण्यापलीकडे काही नसतं. मी माळ्यावरचा जुना रेडिओ काढला आणि मीडियम वेव्हचा काटा उजवीकडे थेट टोकाला नेला. १६०० किलोहर्ट्झच्या पुढे, जिथं सभ्य केंद्रं संपतात, तिथं हा प्रकार सापडला: पोल्का, वॉल्ट्झ आणि दोन गाण्यांच्या मधे गावोगावच्या लोकांना शुभेच्छा. जावई म्हणाला, "बाबा, गोठ्यामागं उंच एरियल उभारतात. सापडले तर दंड होतो, यंत्र जप्त होतं. मग नवीन यंत्र येतं." आपल्याकडे गणपतीतल्या लाउडस्पीकरबद्दल सांगतात, तो त्याचा सूर होता.

दिवसा हा आवाज फार लांब जात नाही. रात्री वातावरणातला लहरी गिळणारा खालचा थर विरतो आणि त्याच लहरी वरच्या थरावर आपटून शेकडो किलोमीटर लांब उतरतात. तेव्हा दीड वाजता का, याबद्दल मेहुण्यांनी सूर्याशी बोलावं.

आता 'चोरटे' या शब्दाचा हिशेब. चोरलं काय? इंग्लंडात बीबीसीची मक्तेदारी होती आणि तबकड्या वाजवायला तिला मोजकेच तास मिळायचे. पोरांना गाणी हवी होती. १९६४ च्या ईस्टरला रोनन ओ'राहिली नावाच्या आयरिश तरुणानं किनाऱ्यापासून लांब, सरकारच्या हद्दीबाहेर जहाज उभं करून 'रेडिओ कॅरोलाइन' सुरू केलं. डचांचं 'व्हेरोनिका' तर १९६० पासूनच समुद्रातून गात होतं. ऑगस्ट १९६७ मध्ये कायदा करून सरकारनं या जहाजांची रसद तोडली. आणि मग? ३० सप्टेंबरला बीबीसीनं तशाच गाण्यांचं 'रेडिओ वन' काढलं. त्यावर पहिला बोलला टोनी ब्लॅकबर्न, कालपर्यंत चाच्यांच्या जहाजावर निवेदक असलेला! चोर पकडायचा, त्याला फौजदार करायचा आणि चोरीला योजना म्हणायचं.

हसू नका, आपल्याकडे निराळं घडलेलं नाही. १९५२ साली नभोवाणी खात्याचे मंत्री झालेले केसकर आपलेच, मराठी. त्यांनी आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी हद्दपार केली आणि अख्ख्या देशाचा काटा सिलोनवर गेला. सिलोन कायदेशीर होतं, मान्य. पण अमीन सायानींची बिनाका गीतमाला मुंबईत ध्वनिमुद्रित होऊन विमानानं कोलंबोला जायची आणि तिथून मुंबईला ऐकू यायची. याला सरळ व्यवहार म्हणायचं असेल तर म्हणा. १९५७ साली विविध भारती आली ती काय सरकारला अचानक संगीत आवडू लागलं म्हणून?

जे विमानांच्या संभाषणात घुसतात त्यांना माझ्याकडूनही दंड. पण बिहारमधल्या मन्सूरपूरच्या राघव महतोनं आपल्या छोट्या दुरुस्तीच्या दुकानातून गावाला गाणी ऐकवली, तेही २००६ साली परवान्याअभावी बंद पडलं. हवेतल्या लहरी ही जनतेची मालमत्ता आहे, असं सुप्रीम कोर्टानं १९९५ सालीच सांगून ठेवलंय. जनता म्हणजे राघव धरून की वगळून, एवढंच ठरायचं राहिलं.

कॅरोलाइनचं 'मी अमिगो' जहाज मार्च १९८० मध्ये वादळात बुडालं. लाइफबोटीनं चार माणसं आणि एक कॅनरी पक्षी वाचवला. पक्ष्याचं नाव विल्सन, म्हणजे ज्यांच्या सरकारनं बंदीचा कायदा केला त्या पंतप्रधानांचं. बुडत्या जहाजावरून माणसं पंतप्रधानाला घेऊन बाहेर पडतात, यापेक्षा मोठं औदार्य कुठं पाहिलंय? २०१७ साली त्याच कॅरोलाइनला मीडियम वेव्हचा परवाना मिळाला. लहर कुठली? ६४८ किलोहर्ट्झ, बीबीसीनंच सोडलेली.

इथं मेहुणे मला पकडतात. "पण तुम्ही पुण्यात बसून ऐकता ते इंटरनेटवरूनच ना?" हो. ट्वेंटेच्या विद्यापीठानं एक रिसीव्हर इंटरनेटला जोडून ठेवलाय, जगात कुणीही घरबसल्या त्याचा काटा फिरवावा. पण फिरवावा लागतो. मोबाईलवर गाणं माझी वाट बघत पडलेलं असतं. मी नाही ऐकलं तर दुसरं लागतं आणि मला काय आवडतं ते यंत्र मलाच सांगतं. इथं तो माणूस आज आलाय का, हे मला शोधावं लागतं. तो खोकतो. शुभेच्छा देताना अडखळतो. पैसे कुणी देत नाही, उलट पकडला गेला तर भरायचे. त्याची कमाई एकच: कुणीतरी कळवावं, की बाबा, ऐकू आलास. पूर्वी पत्रानं कळवायचे. चाचा स्वतःचा पत्ता कसा देणार? म्हणून पत्रं दुसऱ्याच गावच्या टपालपेटीत जायची. जोर किती, खरखर किती, याचे पाचपैकी गुण लिहून पाठवायचे. आयुष्यभर पेपर तपासले मी, पण कमी गुण मिळाल्यावर इतके मनापासून आभार मानणारा विद्यार्थी पाहिला नव्हता.

गेल्या शनिवारी मी ई-मेलनं गुण पाठवले: पाचपैकी दोन. अर्ध्या तासानं अकॉर्डियन थांबलं आणि त्यानं माझं आडनाव घेतलं. ते माझंच आहे हे मला 'पुणे' ऐकल्यावर कळलं. मी हिला उठवलं. तिनं हेडफोन लावला. तेवढ्यात त्यानं पुन्हा एकदा ते आडनाव मोडलं.

"एवढ्यासाठी उठवलंत?" ही म्हणाली आणि कुशीवर वळली. जरा वेळानं अंधारातून आवाज आला, "माझंही नाव कळवलं होतंत का?"