‘नऊ इंचाच्या आत म्हणजे लीगल’? फोल्डिंग चाकू कार्टमध्ये टाकण्याआधी हे वाचा

‘भाऊ, सेल्फ डिफेन्ससाठी कोणता फोल्डिंग चाकू घेऊ?’ अमरावती-अकोल्याकडच्या वाचकांकडून हा प्रश्न मला सारखा येतो. त्यासोबत एखाद्या रीलची लिंक असते. रीलमध्ये काळा चाकू, खाडकन उघडणारं पातं आणि खाली ‘१००% लीगल, लायसन्सची गरज नाही’ असं कॅप्शन.

या प्रश्नात खरं तर दोन प्रश्न आहेत. चाकू चांगला कोणता, हा पहिला. तो खिशात घेऊन फिरायचं का, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर सोपं आहे. दुसऱ्याचं रीलवाला सांगत नाही, कारण पोलीस चौकीत उभं राहायची वेळ त्याच्यावर येत नाही.

नऊ इंचाचा आकडा आला कुठून?

शस्त्र नियम, २०१६ यांच्या पहिल्या अनुसूचीतून. ९ इंचापेक्षा लांब किंवा २ इंचापेक्षा रुंद पात्याची धारदार हत्यारं तिथे शस्त्रांच्या यादीत आहेत. घरगुती, शेती, वैज्ञानिक किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेली अवजारं त्यातून वगळली आहेत. ९ इंच म्हणजे जवळपास २३ सेंटीमीटर. खिशात मावणाऱ्या फोल्डिंग चाकूचं पातं एवढं नसतंच. म्हणून ‘लीगल’चा शिक्का मारून विक्रेता मोकळा होतो.

पण हे अर्धंच सत्य आहे. शस्त्र कायदा, १९५९ मधली ‘शस्त्र’ या शब्दाची व्याख्या वाचा. हल्ल्यासाठी *किंवा बचावासाठी* हत्यार म्हणून तयार केलेली वस्तू म्हणजे शस्त्र. बचावासाठीसुद्धा! म्हणजे ‘मी फक्त सेफ्टीसाठी ठेवलाय’ हे वाक्य आपल्याला सुटकेचं वाटतं, पण त्यातूनच ती वस्तू अवजारापेक्षा हत्याराच्या जवळ जाते. बॉक्सवर ‘टॅक्टिकल’, ‘सेल्फ डिफेन्स’ असं छापलं असेल, तर तुमचं अर्धं स्टेटमेंट कंपनीनेच लिहून दिलं समजा.

शिवाय कलम ४ नुसार केंद्र सरकार एखाद्या भागासाठी अधिसूचना काढून तिथे ठरावीक हत्यारांना परवाना सक्तीचा करू शकतं. अशा भागाचं माप वेगळं असू शकतं. दिल्लीत १९८० पासून ७.६२ सेंटीमीटर लांब आणि १.७२ सेंटीमीटर रुंद पात्यालाच हा नियम लागू होतो. म्हणजे एका शहरातला ‘लीगल’ दुसऱ्या शहरात चालेलच असं नाही. कलम ४ मोडल्याचा गुन्हा सिद्ध झाला तर कलम २५ खाली एक ते तीन वर्षं कैद आणि दंड अशी शिक्षा आहे.

आपल्याकडे खरा मुद्दा: कलम ३७

पेपरातली क्राइमची बातमी नीट वाचली तर शेवटी ‘सहकलम १३५’ असं दिसतं. हा महाराष्ट्र पोलीस कायदा, १९५१. त्याच्या कलम ३७ (१) खाली आपल्या हद्दीत हत्यारबंदीचा आदेश काढता येतो. अमरावती शहरात तो पोलीस आयुक्त काढतात. अकोल्यात आयुक्तालय नाही, तिथे जिल्हाधिकारी, म्हणजेच जिल्हादंडाधिकारी. सण, निवडणुका, मोर्चे असले की हे आदेश निघतात. मुदत संपली की पुन्हा नवा आदेश निघू शकतो.

या कलमात तलवार, भाला, बंदुकीच्या जोडीला चाकू आणि लाठीचंही नाव आहे, आणि इजा करता येईल अशी कुठलीही वस्तूही आहे. इथे नऊ इंचाचा हिशेब नाही. तीन इंचाचं पातंसुद्धा आदेशात बसतं. आदेश मोडला तर कलम १३५ खाली एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते, आणि खास कारण नोंदवल्याशिवाय कोर्ट चार महिन्यांपेक्षा कमी शिक्षा देत नाही. वरून दंड.

आपल्या शहरांमध्ये हे कागदावरचं कलम नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये अमरावतीत दंगल होऊन संचारबंदी लागली, इंटरनेट बंद झालं. मे २०२३ मध्ये अकोल्याच्या जुन्या शहरात एका इन्स्टाग्राम पोस्टवरून हिंसाचार झाला, एकाचा जीव गेला. अशा दिवसांत नाक्यावर झडती होते तेव्हा हवालदार तुमचा हेतू तपासत बसत नाही, खिसा तपासतो.

ऑनलाइन आला म्हणजे कायदेशीर झाला?

मे २०१८ मध्ये औरंगाबादेत, आताच्या छत्रपती संभाजीनगरात, दंगल झाली. त्याच महिन्याच्या शेवटी पोलिसांनी एका मोठ्या ऑनलाइन विक्री कंपनीमार्फत मागवलेल्या तलवारी आणि चाकू जप्त केले. ‘खेळणी’, ‘घरगुती वस्तू’ अशा नावाखाली असला माल सहज मागवता येतो, हे तेव्हा राज्यभर चर्चेत आलं. एप्रिल २०२२ मध्ये पिंपरी-चिंचवड पोलिसांना दिघीतल्या कुरिअरच्या गोदामात पंजाबहून आलेल्या तलवारी सापडल्या.

टेक्नॉलॉजीच्या बाजूने यातला धडा साधा आहे. ऑर्डरवर तुमचं नाव, मोबाइल नंबर, पत्ता आणि पेमेंट असतं. पोलिसांनी यादी मागितली की पहिला फोन तुम्हालाच येणार. आणि चाकू फिरवतानाचं रील टाकलं असेल तर पुरावाही तुम्हीच अपलोड केलेला असतो. हातात हत्यार घेऊन स्टेटस ठेवणाऱ्या पोरांना उचलल्याच्या बातम्या आपल्याकडे काही नव्या नाहीत.

मग कामासाठी चाकू ठेवूच नये का?

ठेवा ना! वरुड-मोर्शीकडे, शेंदुरजना घाटच्या नर्सऱ्यांमध्ये संत्र्याचे डोळे भरणाऱ्याकडे घडीचा छोटा चाकू असतोच. इलेक्ट्रिशियनला वायर सोलायला, दुकानदाराला सुतळी आणि खोके कापायला तो लागतो. चाकू जिथे काम करतो तिथे, अवजारांच्या पिशवीत असला तर त्याची गोष्ट सरळ आहे. रात्री साडेदहाला राजकमल चौकात जीन्सच्या खिशात तोच सापडला तर गोष्ट बदलते.

कामासाठी घेताना मी या पाच गोष्टी तपासतो:

१. लॉक. घरी, बोटं पात्याच्या वाटेत न ठेवता, उघड्या चाकूची बोथट बाजू लाकडावर हळूहळू दाबा. पातं मिटायला लागलं तर चाकू परत करा. साध्या स्लिपजॉइंट चाकूला लॉक नसतंच, तो फक्त स्प्रिंगच्या दाबावर उघडा राहतो. त्याने ढकलायचं काम करू नका, बोटावर येतो.

२. हलतं का? पातं डावी-उजवीकडे हलवून पाहा. नवीनच चाकूत खडखड असेल तर पिन ढिली आहे.

३. स्टील. नुसतं ‘४४० स्टील’ लिहिलं असेल तर पुढचं अक्षर विचारा. ४४०ए मध्ये कार्बन साधारण ०.६ ते ०.७५ टक्के, ४४०सी मध्ये ०.९५ ते १.२ टक्के असतो. जास्त कार्बनवाल्याची धार जास्त टिकते. साधं कार्बन स्टील छान धार घेतं, पण संत्र्याचा रस लागून तसंच राहिलं तर काळं पडतं. स्वस्तातलं ‘दमास्कस’ बरेचदा वरून कोरलेली नक्षी असते.

४. धार. आधी कागद कापा, मग सुतळीचे वीस-पंचवीस तुकडे करा आणि पुन्हा कागद कापा. कागद फाटायला लागला तर धार टिकत नाही.

५. उघडायची पद्धत. बटन दाबून उडणारा खटक्याचा चाकू घेऊच नका. तो अवजार आहे हे पटवणं सगळ्यात अवघड. दोन हातांनी उघडणारा, छोटा, साधा दिसणारा चाकू बरा.

आणि जीव वाचवायचं काय?

कायदा तुम्हाला बचावाचा हक्क देतो. भारतीय न्याय संहितेत कलम ३४ ते ४४ त्यासाठीच आहेत. पण कलम ३७ (हे न्याय संहितेतलं, पोलीस कायद्यातलं नाही) दोन अटी घालतं: पोलिसांकडे जायला वेळ असेल तर हा हक्क नाही, आणि बचावाला गरजेपेक्षा जास्त इजा करायची नाही. समोरच्याने ढकललं आणि तुम्ही चाकू चालवला, तर धोकादायक हत्याराने इजा केल्याचं कलम ११८ तुमच्यावर लागू शकतं. इजा गंभीर असेल तर शिक्षा जन्मठेपेपर्यंत जाते.

कायदा बाजूला ठेवला तरी हिशेब जुळत नाही. घाबरलेल्या माणसाचे हात थरथरतात. खिशातून काढायचा, उघडायचा, पकड नीट धरायची, तेवढ्यात समोरचा अंगावर आलेला असतो. चाकू हिसकावला गेला तर तोच तुमच्यावर चालतो. आणि मुख्य म्हणजे, खिशात चाकू आहे म्हणून माणूस जिथून निघून जायला पाहिजे तिथे थांबून राहतो. किरकोळ बाचाबाचीतून एकाचा खून आणि दुसऱ्याला जेल, दोन्ही घरं बसली, अशा बातम्या आपण वाचतोच.

त्यापेक्षा हातातला फोन कामाला लावा. ११२ हा आपत्कालीन नंबर आहे. बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये पॉवर बटन पाचदा दाबलं की इमर्जन्सी एसओएस सुरू होतो, ते सेटिंगमध्ये आज चालू करा. आयफोनमध्येही इमर्जन्सी एसओएस आहे. घरच्या दोन माणसांचे नंबर त्यात टाका. रात्री बडनेरा स्टेशनवरून येताना लाइव्ह लोकेशन शेअर करा. मोठा आवाज करणारा छोटा अलार्म मिळतो, तो किल्लीला लावा. पेपर स्प्रे ठेवत असाल तर एक्स्पायरी पाहा, आणि तो भांडणात वापरायची वस्तू नाही हेही लक्षात ठेवा. मे २०२४ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने अशाच वापराबद्दलचा गुन्हा रद्द करायला नकार दिला होता.

खिशात चाकू ठेवावा असं वाटण्यामागे भीती असते, आणि ती खोटी नसते. कुणी खरंच धमकावत असेल तर त्याचे मेसेज, कॉल रेकॉर्ड, स्क्रीनशॉट जपून ठेवा आणि तक्रार लेखी द्या. कोर्टात हा कागद तुमच्या बाजूने बोलतो. चाकू मात्र कुणाच्याही बाजूने बोलू शकतो.