मॉर्फिनचा उतरता असर आणि हळदीची परीक्षा

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रीड्रिश झेर्ट्युर्नर या जर्मन तरुणाने अफूतून मॉर्फिन वेगळे केले. वैद्यकाला हुकमी वेदनाशामक मिळाले, पण अफूचा जुना पेचही त्याबरोबर आला. रोज तेच औषध घेतले की शरीर त्याला सरावते आणि असर उतरतो. मात्रा वाढवावी, तर गुंगी, बद्धकोष्ठता आणि श्वास मंदावण्याचा धोका वाढतो.

या पेचावर प्रत्येक पिढीने नवे औषध शोधले आणि घाईने त्याची ग्वाही दिली. 1898 मध्ये बायर कंपनीने हेरॉइन खोकल्याचे औषध म्हणून बाजारात आणले. त्याची मॉर्फिनसारखी सवय लागत नाही, असे तेव्हा सांगितले गेले. 1996 मध्ये अमेरिकेत ऑक्सिकॉन्टिन हे वेदनाशामक आले, तेही व्यसनाचा धोका कमी असल्याचे सांगत. दोन्ही वेळा किंमत रुग्णांनी मोजली.

गेल्या काही दशकांत संशोधकांचे लक्ष चेतापेशींच्या शेजारी असलेल्या ग्लिया पेशींकडे वळले. मॉर्फिन वारंवार दिल्यावर या पेशी चेतवल्या जातात, दाह वाढवणारे रेणू सोडतात आणि ऑक्सिडीकरणाचा ताणही वाढतो. परिणामी वेदनेचा मार्ग अधिक संवेदनशील होतो. मग दाह शमवला तर मॉर्फिनचा असर टिकेल का?

याचे उत्तर आधी उंदरांत शोधले गेले. उंदराच्या शेपटीवर उष्णता सोडतात आणि शेपटी किती सेकंदांनी झटकली जाते ते मोजतात. मॉर्फिन दिल्यावर हा वेळ वाढतो. रोज दिले की पुन्हा घटत जातो. हळदीतल्या दाहशामक कर्क्युमिनने काही प्रयोगांत ही घट रोखली. मात्र 2011 च्या एका अभ्यासात कमी मात्रेने फायदा झाला, तर जास्त मात्रेने मॉर्फिनचा असर उलट लवकर उतरला. म्हणजे नैसर्गिक पदार्थालाही मात्रेचे गणित चुकत नाही. शिवाय कर्क्युमिन तोंडाने घेतल्यास रक्तात फारच थोडे उतरते.

हळदीच्या बाबतीत पुराव्याचे वजन आपण आधीही पाहिले आहे. जखमेवर हळद लावण्याचे अमेरिकी पेटंट 1997 मध्ये रद्द झाले. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआर या भारतीय संशोधन परिषदेने ती लढाई जिंकली ती जुन्या ग्रंथांतले लेखी पुरावे मांडून. आता पुराव्याचा तोच आग्रह रुग्णालयात धरायला हवा. औषधी अफू मध्य प्रदेश-राजस्थानात पिकते, हळदीची मोठी बाजारपेठ सांगलीत आहे आणि कर्करोगाच्या वेदना सोसणारे रुग्ण देशभर आहेत. मॉर्फिन घेणाऱ्या रुग्णांवर, त्यांच्या संमतीने, कर्क्युमिनच्या नेमक्या मात्रेच्या काटेकोर चाचण्या इथेच व्हाव्यात, आणि त्यांचा खर्च सरकारने उचलावा.

निष्कर्ष हाती येईपर्यंत कुणी हळदीच्या गोळ्यांच्या भरवशावर मॉर्फिन कमी करू नये, आणि सवयीच्या भीतीने गरजू रुग्णाला ते नाकारूही नये. वेदनेत तळमळणाऱ्या माणसाला आज मिळणारा आराम उद्याच्या आशेवर तहकूब ठेवता येत नाही.