आवाजाचा दाखला आणि उतरण्याचे शुल्क

जर्मनीतील एखाद्या लहान विमानतळावर सारख्याच वजनाची दोन खासगी विमाने पाठोपाठ उतरली, तरी त्यांच्या वैमानिकांना मिळणाऱ्या पावत्यांवर निरनिराळ्या रकमा असू शकतात. फरक असतो तो एका कागदाचा. विमान 'वाढीव ध्वनिसंरक्षणा'च्या वर्गात बसते असा दाखला ज्याच्यापाशी आहे त्याला शुल्क कमी. ज्याच्यापाशी दाखलाच नाही त्याला ते जास्त. हौशी वैमानिकांपैकी अनेकांना हा अन्याय वाटतो, तर विमानतळालगतच्या रहिवाशांना ही सवलतच अनाठायी वाटते. दोन्ही तक्रारींचा रोख, नीट पाहिले तर, एकाच उणिवेकडे आहे.

उतरण्याचे शुल्क परंपरेने विमानाच्या वजनावर ठरत आले. धावपट्टीवर भार पडतो तो वजनाचा. भारतातही ते प्रामुख्याने वजनावरच आकारले जाते. परंतु शेजाऱ्याच्या मोडलेल्या झोपेचे मोजमाप टनांत होत नाही. ज्या कृतीचा उपद्रव तिऱ्हाइताला सोसावा लागतो, तिच्या किमतीत त्या उपद्रवाचाही भार यावा, हा विचार इंग्रज अर्थशास्त्रज्ञ पिगू यांनी १९२० साली आपल्या कल्याणकारी अर्थशास्त्रावरील ग्रंथात मांडला. आवाजाशी निगडित शुल्क हे त्याच विचाराचे अपत्य होय. तत्त्व निर्दोष आहे. प्रश्न आहे तो मोजपट्टीचा.

ही मोजपट्टी आंतरराष्ट्रीय नागरी विमानवाहतूक संघटनेने शिकागो कराराच्या सोळाव्या परिशिष्टात घालून दिली आहे. जुन्या धाटणीच्या हलक्या विमानांसाठी तिची रीत अशी, की विमान जवळजवळ पूर्ण ताकदीने ३०० मीटर उंचीवरून न्यायचे आणि खाली जमिनीवर आवाज टिपायचा. मर्यादा ६०० किलोग्रॅमपर्यंतच्या विमानाला ६८ डेसिबल, ती चढत चढत १५०० किलोग्रॅमला ८० डेसिबल. दहा डेसिबलची वाढ कानाला सुमारे दुप्पट भासते, हे ध्यानात घेतले म्हणजे जड विमानाला किती मोकळीक मिळाली ते उमगते. शुल्कातून हटवू पाहिलेले वजन मागच्या दाराने पुन्हा आत आले! नोव्हेंबर १९८८ नंतर प्रमाणपत्रासाठी आलेल्या नव्या प्रकारांची चाचणी मात्र उड्डाणाच्या वेळी घेतली जाते. त्यामुळे दोन दाखल्यांवरील आकडे शेजारी ठेवून तुलना करणेही बरोबर नाही.

पण याहून मोठी अडचण पुढेच आहे. दाखला यंत्राचा असतो, त्रास मात्र वापराचा होतो. दाखलाधारी विमान घेऊन एखादा शिकाऊ वैमानिक रविवारी दुपारी चाके टेकवून लगेच पुन्हा उडत त्याच गावावरून वीस फेऱ्या घालतो. दाखला नसलेले जुने विमान महिन्यातून एकदा येऊन जाते. रहिवाशाच्या लेखी अपराधी कोण, हे सांगावयास नको. शिवाय कानठळ्या बसतात त्या बव्हंशी उड्डाणाच्या वेळी, आणि पैसे मोजावे लागतात उतरण्याचे. अनेक विमानतळ तर अशा सरावाच्या फेऱ्यांना उलट सवलतच देतात.

जर्मन शासनाला हे अगदीच कळलेले नाही असे नव्हे. वर्षाला १५,००० हून अधिक विमानहालचाली असलेल्या लहान तळांवर १९९९ च्या नियमांनी रविवारी सकाळी ९ पूर्वी व दुपारी १ नंतर निर्बंध घातले. पण तेथेही वाढीव ध्वनिसंरक्षणाचा दाखला दाखवणाऱ्याला सूट मिळते. म्हणजे पुन्हा कागदच.

या शुल्काचा बोजा कोणावर पडतो, हेही पाहावयास हवे. नवे, शांत विमान घेणे धनिकाला परवडते. क्लबच्या सामायिक जुन्या विमानातून उडणाऱ्या नोकरदाराला धुराड्याचा ध्वनिरोधक किंवा अधिक पात्यांचा पंखा बसवणे हाच मार्ग, आणि तो खर्च विमानाच्या किमतीच्या मानाने लहान नसतो. आवाजाच्या शुल्कातून आवाज कमी करण्याच्या खर्चाहून अधिक वसुली होऊ नये, असे वर उल्लेखिलेल्या संघटनेचे धोरण सांगते. मग त्या पैशातूनच अशा क्लबांना ध्वनिरोधकासाठी कर्ज का देऊ नये? आणि दर ठरवताना दाखल्याबरोबर दिवस, तास व फेऱ्यांची संख्या का धरू नये? प्रत्येक उतरण्याची नोंद तळाच्या वहीत वेळेसह होतेच. नवे मोजमाप लागत नाही. विरोध होईल तो बहुधा प्रशिक्षणसंस्थांचा, कारण रविवारच्या दुपारी त्यांचे विद्यार्थी मोकळे असतात, आणि गावकरीही घरीच असतात.