‘बसा’ म्हटलं की गुण शून्य

काल पाडवा झाला. संध्याकाळी गुढी उतरली आणि आमची वर्षभराची स्पर्धाही संपली. निकाल सांगतोच, पण आधी एक सांगतो, की ही पोस्ट मी हौसेने लिहीत नाहीये. ही शिक्षा आहे. स्पर्धेच्या नियम क्रमांक ७ प्रमाणे झालेली.

सुरुवातीपासून सांगतो.

स्टँडसमोरच्या टपरीवर आम्ही पाच जण शाळेपासूनचे. एक झेडपीच्या शाळेवर शिक्षक, त्याला गुरुजी म्हणतात. एक टेलर, त्याला मास्तर म्हणतात. (नवीन माणसाचा इथे हमखास गोंधळ होतो. मास्तर शिकवत नाही आणि गुरुजीला बटण लावता येत नाही.) एक मेडिकलवाला, एक वकील आणि मी. मागच्या वर्षी होळीच्या सुमारास नेहमीप्रमाणे आमचं चाललं होतं, की नगरपालिका अशी, तहसील तशी, काहीच होत नाही या देशात. टपरीवाला गाळणीतून चहा ओतता ओतता म्हणाला, “वीस वर्षं ऐकतोय. वर्षभरात सरळ मार्गाने दहा कामं करून दाखवा कोणी. जो जिंकेल त्याला वर्षभर रोज एक कटिंग फुकट.”

झालं. पाडवा ते पाडवा. पंच टपरीवाला. गुणांचा हिशोब त्याच्या उधारीच्या वहीच्या शेवटच्या पानांवर.

नियम १ असा होता, की ओळख लावायची नाही. आता ओळख म्हणजे काय, यावरच दोन तास गेले. मामा, मेहुणा, वर्गमित्र, पक्ष, जात, गाव, प्रेस हे सगळं आलंच. पण माणूस नकळत ओळखीचा निघाला तर? शेवटी वकिलाने व्याख्या केली आणि ती आम्ही सगळ्यांनी मान्य केली. टेबलापलीकडचा माणूस “बसा” म्हणाला, तर ती ओळख समजावी आणि ती फेरी बाद धरावी. चहा मागवला तर उणे दोन.

ह्या व्याख्येने माझी पहिली चार कामं बाद झाली. कुठेही गेलो की “या, या, पत्रकारसाहेब, बसा.” एकदा मी मास्क लावून गेलो. तर क्लार्क म्हणाला, “काय साहेब, तब्येत बरी नाही का? बसा ना.”

नियम २, पोच नाही तर गुण नाही. पोच म्हणजे शिक्का, तारीख आणि सही असलेली. “ठेवून जा, बघतो” याला पोच म्हणत नाहीत. नियम ३, काम मुदतीत झालं तर पाच गुण, मुदतीनंतर झालं तर दोन, अपील टाकलं तर तीन. नियम ४ उत्तेजनार्थ. “उद्या या” ऐकल्यास अर्धा गुण. “साहेब मीटिंगला गेलेत” यालाही अर्धा. “सर्व्हर डाउन आहे” याला फक्त पाव, कारण तेवढ्यावर कोणीही शतक मारलं असतं. मेडिकलवाल्याने तरी मारायचा प्रयत्न केलाच. एका दिवसात सहा चकरा टाकून दीड गुण घेऊन आला. मग दिवसाला एकच चकर धरायची, अशी दुरुस्ती झाली.

वकिलाला स्वतंत्र नियम होता. कोट घालून जायचं नाही आणि नोटीस पाठवायची नाही. पहिले तीन महिने त्याचं खातं शून्यावर होतं. कोटाशिवाय रांगेत कसं उभं राहायचं हेच त्याला आठवेना.

गुरुजीचा घोटाळा अक्षरामुळे झाला. अक्षर मोत्यासारखं, त्यामुळे लिहायला बसला की थांबत नाही. वॉर्डातल्या गटाराच्या बिलाची माहिती मागायला त्याने माहिती अधिकारात अर्ज केला, चार पानी. त्यात गटार, शाळेची भिंत, पाण्याची टाकी आणि समाजाची ढासळती नीतिमत्ता हे सगळं होतं. अर्ज परत आला. महाराष्ट्राच्या नियमात अर्ज एकाच विषयाचा आणि साधारण १५० शब्दांत बसणारा लागतो. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट वाया गेल्याचं दुःख गुरुजीला आजही आहे.

आणि मुहूर्त तर विचारू नका. स्पर्धा सुरू झाली ३० मार्च २०२५ ला. तो रविवार. सोमवारी ईदची सुट्टी. मंगळवारी १ एप्रिल, पाचही जण उत्साहाने बाहेर पडलो, तर सगळीकडे एकच उत्तर, “मार्च एंडचं चालू आहे, पुढच्या आठवड्यात या.” पंचाने हे “उद्या या” धरायचं की नाही यावर भांडण झालं. सात दिवसांच्या उद्याला अर्धाच गुण कसा?

इथपर्यंत सगळी मजाच होती.

आता थोडं कामाचं. महाराष्ट्रात लोकसेवा हक्काचा कायदा २८ एप्रिल २०१५ पासून लागू आहे, म्हणजे पुढच्या महिन्यात त्याला अकरा वर्षं होतील. दाखले, उतारे, नोंदी, जोडण्या अशा ज्या सेवा सरकारने त्यात अधिसूचित केल्यात, त्या प्रत्येकाला दिवस ठरलेले आहेत. उत्पन्नाच्या दाखल्याला १५ दिवस. मुदतीत काम झालं नाही किंवा अर्ज फेटाळला, तर ३० दिवसांत वरिष्ठ अधिकाऱ्याकडे पहिलं अपील, मग दुसरं, मग आयोग. सबळ कारण नसताना उशीर केला तर अधिकाऱ्याला ५०० ते ५००० रुपये दंड होऊ शकतो. सेवांची यादी, मुदत आणि अधिकाऱ्याचं पद दाखवणारा फलक कार्यालयात लावायचा असतो. आमच्याकडे तो शोधून काढणाऱ्याला पाच गुण बोनस होते. मेडिकलवाल्याला सापडला. एका कार्यालयात पॅसेजमधल्या लोखंडी कपाटामागे. ‘सेवेचे नाव’ हा रकाना दिसत होता, ‘कालावधी’ कपाटामागे गेला होता.

मी पत्रकारितेची पदविका घेतली त्याला वीस वर्षं होऊन गेली. या कायद्याची बातमी मी स्वतः लावली होती. पण कायद्याने एक साधा दाखला मी आयुष्यात कधी काढला नव्हता. गरजच पडली नाही. फोन होता ना.

मास्तर सुरुवातीपासून पुढे होता. त्याने काही वेगळं केलं नाही, आयुष्यभर जे करत आला तेच केलं. त्याला कोणी “बसा” म्हणत नाही. त्याच्या मापाच्या वहीत एका बाजूला छाती-कंबर-उंची आणि दुसऱ्या बाजूला कोणत्या टेबलावर कोण, कोणत्या वारी रजेवर, झेरॉक्स किती लागतात, कोण जेवायला एकला जातो आणि अडीचला येतो. आम्ही त्याची थट्टा करायचो, की दिवाळीचा शर्ट संक्रांतीला देणारा माणूस सरकारला मुदत शिकवतोय. तो हसायचा आणि पोच काढून दाखवायचा.

२७ जूनला त्याने उत्पन्नाच्या दाखल्याचा अर्ज केला. स्पर्धेसाठी नाही, लेकीसाठी. व्यावसायिक शिक्षणात मुलींना २०२४-२५ पासून शुल्कमाफी आहे, कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर. म्हणजे दाखला हवाच. कॉलेजने सांगितलं, १४ जुलैपर्यंत दाखला द्या, नाहीतर फी भरा, नंतर बघू. १४ ला सोमवार. त्याच्या अर्जाचा चौदावा दिवस शुक्रवारी, ११ तारखेला पडत होता. त्यापुढे शनिवार-रविवार सुट्टी. पठ्ठ्या शुक्रवारी सकाळी दहापासून खिडकीशी उभा.

त्याच शुक्रवारी दुपारी माझ्या बहिणीचा फोन आला. “दादा, भाच्याचा दाखला सोमवारी द्यायचाय रे. आम्ही परवाच अर्ज केला. तू एक शब्द टाक ना.”

मी टाकला. स्पर्धा डोक्यात आली नाही असं नाही, आली. पण घरचं काम वेगळं, असं मनाशी म्हणालो. तीनला फोन केला, पाचच्या आत दाखला बहिणीच्या मोबाईलवर. तिने थँक्यूचा गुलाब पाठवला. मी टपरीवर कोणाला काही बोललो नाही. मास्तरचा दाखला १६ जुलैला आला, एकोणिसाव्या दिवशी. मध्ये त्याने भिशीतून चौदा हजार उचलून फी भरली. ते पैसे कॉलेजकडून अजून परत आलेले नाहीत.

ही गोष्ट मला जुलैमध्ये वेगळी-वेगळी माहीत होती. माझा दाखला एकीकडे, त्याचा उशीर दुसरीकडे. जोडली गेली ती या फेब्रुवारीत. पंचाला हिशोब जुळवायचे होते, म्हणून त्याने मास्तरची मापाची वही मागवली आणि चहा पिता पिता मोठ्याने वाचायला लागला. ११ जुलैच्या पानावर लिहिलं होतं: “आज सही होणार होती. पत्रकार साहेबांचा फोन आला. क्लार्क तो अर्ज शोधायला, तलाठ्याला फोन करायला गेले. तासभर. साहेब पाचला निघून गेले. गठ्ठा राहिला.”

गठ्ठा राहिला. म्हणजे त्यात मास्तर एकटा नव्हता.

टपरीवर कोणी काही बोललं नाही. मी मास्तरला म्हणालो, “तुला तेव्हाच माहीत होतं?” तो म्हणाला, “हो. मला वाटलं तू सांगशील.” आणि त्याने पंचाला पुढचं पान वाचायला सांगितलं.

नियम ७: ओळख लावल्याचं उघड झालं, तर उणे दहा गुण आणि जाहीर कबुली, स्वतःच्या नावाने, तीनशे शब्दांपेक्षा कमी नाही. हा नियम मीच सुचवला होता. माझ्या डोळ्यासमोर वकील होता.

आता तुम्ही म्हणाल, एका फोनने काय होतं? मीही हेच म्हणत आलो. उलट मला ती समाजसेवा वाटायची. रोज दोन-तीन जण येतात, “पत्रकारसाहेब, जरा एक फोन लावा ना”, मी लावतो, काम होतं, माणूस हात जोडून जातो. बरं वाटतं, खोटं कशाला बोलू. पण टेबलावर माणूस एक आणि त्याच्याकडे तीन टेबलांचा चार्ज, ही आपल्या कार्यालयांची अवस्था मी बातम्यांत लिहितोच. त्याचा दिवस काही माझ्या फोनने वाढत नाही. माझं काम वर येतं ते कोणाचं तरी खाली ढकलून, आणि ज्याचं खाली जातं त्याचा चेहरा मला कधी दिसत नाही. यावेळी दिसला, कारण तो माझ्या शेजारी बसून चहा पीत होता.

दुसरी गोष्ट मला जास्त टोचते. या गावात मुदत मोडली म्हणून अपील कोण करू शकतं? ज्याला लिहिता येतं, ज्याला घाबरायचं कारण नाही. म्हणजे गुरुजी, वकील, मी. आणि आम्हालाच कधी अपील करावं लागत नाही, कारण आमचं काम आधीच झालेलं असतं. ज्यांनी भांडायला हवं ते सगळे बाजूच्या दाराने आत. मग कपाट त्या फलकासमोरून सरकवणार कोण? साहेबाला शिव्या घालणं सोपं आहे, मी वीस वर्षं पगार घेऊन घातल्या. पण त्या रांगेला मधूनच फाटे फोडणाऱ्यांत आमच्यासारखे टपरीवरचे शहाणे पहिले आहेत. पुढारी आमच्यानंतर येतात.

मास्तरने उशिराबद्दल अपील केलं नाही. मी विचारलं का. म्हणाला, “दंड त्या क्लार्कच्या साहेबाला झाला असता. फोन तर तुझा होता.” कायद्याच्या दृष्टीने हे चूक आहे असं वकिलाने त्याला समजावून सांगितलं. त्याने ऐकून घेतलं.

तर निकाल. मास्तर साडेएकसष्ट. मेडिकलवाला चाळीस, त्यातले सव्वाअकरा सर्व्हरचे. गुरुजी एकतीस. वकील एकोणीस, पण शेवटच्या दोन महिन्यांत त्याने दोन अपिलं टाकली आणि दोन्ही कामं झाली, तीही कोटाशिवाय. मी उणे दीड.

नवीन वर्षाची स्पर्धा कालच सुरू झाली. यंदा अधिक ज्येष्ठ आहे, त्यामुळे पुढचा पाडवा थेट ७ एप्रिल २०२७ ला. मागचं वर्ष ३५४ दिवसांचं होतं, हे ३८४ चं. म्हणजे मास्तरला तीस चहा जास्त. पंच म्हणतो, बक्षीस इंग्रजी कॅलेंडरने मोजणार. वकिलाने मास्तरचं वकीलपत्र घेतलंय.

माझ्यासाठी एक नियम वाढलाय. कार्यालयात जाताना मोबाईल पंचाच्या गल्ल्यात ठेवायचा. बहिणीलाही कळवलंय. ती दोन दिवस बोलली नाही, मग बोलली.

सोमवारी नळजोडणीचा अर्ज द्यायला जातोय. मास्तरने काल कागदावर लिहून दिलंय: अकराच्या आत पोच. झेरॉक्स दोन ने. “बसा” म्हणाले तर परत ये, दुसऱ्या दिवशी जा. पेन स्वतःचं ने, तिथलं दोऱ्याला बांधलेलं चालत नाही.