मुलांना लुफी ठाऊक, तुळाजी नाही

समुद्री चाच्यांच्या गोष्टी मुलांना आवडतात, याबद्दल माझी काडीचीही तक्रार नाही. ‘वन पीस’ ही जपानी मालिका माझा नातू झोपायची वेळ टळून गेली तरी बघत बसतो. त्याची आई ओरडते तेव्हा मी त्याच्याच बाजूने असतो. आमच्या ऐरोलीच्या सोसायटीत गणपतीत मुलांची वेशभूषा स्पर्धा झाली, तिथे गवती टोपी घातलेले लुफी, म्हणजे या मालिकेचे नायक, एकाहून जास्त होते. मराठा आरमाराचा सरखेल कान्होजी आंग्रे मात्र एकही नव्हता. दोष मुलांचा नाही. आपल्याला ती गोष्ट सांगताच आलेली नाही.

एइचिरो ओडाने १९९७ साली सुरू केलेल्या या कथेतलं जग काल्पनिक आहे, पण गड्याने वाचन भरपूर केलंय. त्याच्या कुप्रसिद्ध टोळ्यांची कितीतरी नावं खऱ्या चाच्यांवरून घेतलेली आहेत. त्यात सात चाचे असे आहेत की ज्यांना सरकारनेच लुटायचा परवाना दिलाय. नातवाला वाटलं, ही भलतीच नवी कल्पना. मी त्याला विल्यम किडची हकिकत सांगितली. किडकडे फ्रेंच जहाजं पकडायची इंग्लंडच्या राजाची सनद होती. १६९८ मध्ये त्याने मलबार किनाऱ्याजवळ ‘क्वेडा मर्चंट’ हे मालाने भरलेलं जहाज पकडलं, कारण त्याच्यावर फ्रेंच परवाना सापडला. मोगल दरबारातून बोंब उठल्यावर तीच सनद त्याला वाचवू शकली नाही. १७०१ मध्ये लंडनला त्याला फासावर लटकवलं. पोरगं मोबाइल खाली ठेवून ऐकत होतं, ही आमच्या घरात मोठी गोष्ट.

मी उभी हयात मालवाहू जहाजांच्या इंजिन रूममध्ये काढली, म्हणून चाच्यांबद्दल मला थोडंफार बोलायचा अधिकार आहे. एडनच्या आखातात शिरण्याआधी आम्ही जहाजाच्या कठड्याला काटेरी तारेची वेटोळी बांधत असू. आग विझवायचे पाइप बाहेरच्या बाजूला तोंड करून सोडायचे, म्हणजे शिडी लावणाऱ्याच्या तोंडावर पाणी बसेल. जुन्या बॉयलर सूटमध्ये चिंध्या कोंबून, वर हेल्मेट चढवून पुतळे करायचे आणि ब्रिजच्या दोन्ही अंगांना पहाऱ्यावर उभे करायचे. चाचे वर चढलेच तर सगळ्यांनी ‘सिटाडेल’मध्ये, म्हणजे आतून बंद करायच्या सुरक्षित खोलीत जायचं, आमच्या जहाजावर ते सुकाणूच्या यंत्राच्या खोलीत होतं. बिस्किटं, पाणी, सॅटेलाइट फोन आणि एक बादली. बादली कशासाठी ते सांगायला नको. घरी फोनवर मात्र ‘इकडे सगळं ठीक’ एवढंच. मार्च २०२४ मध्ये ‘आयएनएस कोलकाता’ने ३५ सोमाली चाच्यांना पकडून मुंबईत आणलं. त्यांचे फोटो बघा. हडकुळी, भेदरलेली माणसं. गवती टोपी नाही, खजिन्याचा नकाशा नाही.

आता आंग्र्यांकडे येऊ. ईस्ट इंडिया कंपनीच्या कागदांत कान्होजी चाचाच आहे, आणि बरीच इंग्रजी पुस्तकं अजून तेच गिरवतात. कान्होजी काय करत होता? आपल्या पाण्यातून जाणाऱ्या जहाजाने आपलं दस्तक, म्हणजे परवाना घ्यावा, नाही घेतलं तर जहाज जप्त. पोर्तुगीज आधीपासून हेच करत होते, कंपनी स्वतःही परवाने विकत होती. भांडण दरोड्याचं नव्हतं, परवाना कुणाचा चालणार याचं होतं. आणि खरे दरोडेखोर कोण? १६९५ मध्ये हेन्री एव्हरी या इंग्रजाने सुरतेच्या वाटेवरचं औरंगजेबाचं ‘गंज-ए-सवाई’ हे यात्रेकरूंचं जहाज लुटलं, बायकांवर अत्याचार केले. तेव्हा सुरतेच्या वखारीतल्या इंग्रजांना मोगलांनी बेड्या घातल्या. मोगलांच्या लेखी चाचे तेच होते.

१७२१ च्या डिसेंबरात इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून आंग्र्यांच्या अलिबागजवळच्या कुलाबा किल्ल्यावर चालून आले. इंग्रज आरमाराचा प्रमुख होता कमोडोर मॅथ्यूज. त्याला इंग्लंडहून धाडलं होतं मादागास्करच्या चाच्यांचा बंदोबस्त करायला. ते राहिलं बाजूला. त्या मोहिमेत असलेला क्लेमंट डाउनिंग लिहितो, की एका मराठी घोडेस्वाराने मॅथ्यूजच्या मांडीत भाला खुपसला. कमोडोरसाहेब चिडून पाठलागावर निघाले, पिस्तूल रोखलं, आणि त्यात बारच भरलेला नव्हता! पुढे पोर्तुगिजांनी मराठ्यांशी परस्पर तह केला आणि इंग्रज हात हलवत मुंबईला परतले.

असा प्रसंग ओडाच्या हाती लागला असता तर त्याने त्यावर चार भाग काढले असते. आपण काय करतो? जयंतीला हार घालतो. २००७ साली ‘पायरेट्स ऑफ द कॅरिबियन’च्या तिसऱ्या चित्रपटात कान्होजीच्या मुलाच्या नावाचं एक पात्र आलं. हिंदी महासागराचा चाचा-सरदार ‘श्री सुंभाजी आंग्रिया’. पिपाणीसारखा आवाज, निव्वळ हसण्यासाठी. आपल्याला राग येतो, यायलाच हवा. पण रागावून आपण आपला संभाजी कुठे दाखवला?

मालिका पोरांना धरून ठेवते ती टोळीमुळे. प्रत्येक गड्याचं घर वेगळं, दुःख वेगळं, खोड वेगळी. आंग्र्यांचं आरमार काही कमी रंगीत नव्हतं. गुराब आणि गलबत या जहाजांवर कोळी होते, भंडारी होते, मुसलमान दर्यावर्दी होते. मादागास्करात राजा बनून बसलेला जेम्स प्लँटेन नावाचा जमैकाचा खराखुरा चाचा तिथून पळाला आणि आंग्र्यांच्या तोफखान्यात लागला, असंही डाउनिंगने नोंदवलंय. आमच्या शाळेच्या पुस्तकात मात्र एकटा कान्होजी, फेटा बांधून, समुद्राकडे बघत. होडी कोण वल्हवत होतं, हे चित्र काढणाऱ्याला सुचलंच नाही. आमच्या शेजारच्या दिवा कोळीवाड्यातल्या मुलाने ते चित्र बघून स्वतःला कुठे शोधायचं?

आणि मग १७५६, जे आपण घाईघाईने उरकतो. कान्होजीच्या पश्चात मुलांत भाऊबंदकी माजली. मानाजी एका बाजूला, संभाजी दुसऱ्या, नंतर तुळाजी. तुळाजी पेशव्यांना जुमानेना. काही धुतल्या तांदळाचा नव्हता तो. पण नानासाहेब पेशव्यांनी त्याचा काटा काढायला इंग्रजांना सोबत घेतलं. १७५५ मध्ये सुवर्णदुर्ग पडला. पुढच्या फेब्रुवारीत इंग्रजांचे वॉटसन आणि क्लाइव्ह तुळाजीच्या विजयदुर्गाच्या खाडीत शिरले. तुळाजीने काही वर्षांपूर्वी इंग्रजांकडून जिंकलेलं ‘रिस्टोरेशन’ हे जहाज तिथे नांगरलेलं होतं. त्यावर गोळा पडला, ते पेटलं आणि त्याची आग दाटीने बांधलेल्या बाकीच्या जहाजांना लागत गेली. कान्होजीने उभं केलेलं आरमार आपल्याच बंदरात, आपल्याच राज्यकर्त्याच्या संमतीने जळालं. लूट इंग्रजांनी आपसात वाटून घेतली. तुळाजी मराठ्यांच्या कैदेत मेला.

नानासाहेबांनी त्या दिवशी कोकणचा समुद्र इंग्रजांना देऊन टाकला, हे माझं मत. कुणाला झोंबेल, झोंबू दे. हा भाग गाळून सांगितलेला आंग्रे मुलांना खोटा वाटतो. मुलं खोटं लगेच ओळखतात.

गेल्या वर्षी, २०२५ मध्ये, युनेस्कोने मराठा लष्करी स्थळं जागतिक वारशात घेतली. खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग चारही त्यात आहेत. आता फलक लागतील, उद्घाटनं होतील. ऐरोलीतून मुलांना खाडीत बोटीने फ्लेमिंगो दाखवायला नेतात, छान उपक्रम आहे. त्याच खाडीच्या वरच्या अंगाला ठाण्याचा कोट आहे. १७३७ मध्ये मराठ्यांनी तो पोर्तुगिजांकडून घेतला. हेही बोटीत बसल्या बसल्या सांगता येईल, त्याला सरकारी मंजुरी लागत नाही.

पण माझी खरी विनंती मराठीत चित्रं काढणाऱ्या आणि पटकथा लिहिणाऱ्या तरुणांना आहे. आंग्र्यांची चित्रकथा काढा. कोळ्याला नाव द्या, गोलंदाजाला खोड द्या, मॅथ्यूजच्या रिकाम्या पिस्तुलावर पोरांना पोट धरून हसू द्या. आणि शेवटचा भाग विजयदुर्गाचाच ठेवा, पेशव्यांना वगळून नव्हे.