संग्राहक आणि बोहारीण

जुन्या जलशांची आणि संगीत नाटकांची भित्तिपत्रके व हस्तपत्रके जमविण्याचा छंद रसिकतेचा आहे, यात शंका नाही. खेळ आटोपताच ज्या कागदाची गती केराच्या टोपलीत व्हावयाची, त्यावर गवयाचे नाव, नाट्यगृह, तिकिटाचे दर असा इतिहास छापलेला असतो. तो वाचविणाऱ्याचे ऋण समाजाने मानलेच पाहिजे. परंतु या पत्रकांची जी अदलाबदल चालते तिच्या नीतीविषयी संग्राहकांत एक सोयीस्कर तत्त्वज्ञान रूढ आहे, व त्याचा समाचार घेणे आम्हांस प्राप्त झाले आहे. ‘दोघेही राजी, मग अन्याय कोठला?’ हे त्या तत्त्वज्ञानाचे ब्रीदवाक्य होय.

एक उदाहरण कल्पून पाहू. नांदेडच्या एखाद्या जुन्या वाड्यात दिवंगत पेटीवाल्याची ट्रंक उघडली जाते. तीत 8 जुलै 1921 रोजी मुंबईस टिळक स्वराज्य फंडासाठी बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांनी मिळून केलेल्या संयुक्त ‘मानापमाना’चे पत्रक निघते. त्याच वर्षी 4 ऑक्टोबरला केशवराव निवर्तले. तेव्हा त्या कागदाचे मोल जाणत्यास निराळे सांगावयास नको. घरच्या वृद्ध बाईंना ते ठाऊक नाही. आलेला संग्राहक मात्र मनातले मनात ठेवून, पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवाची अलीकडची चार चकचकीत पत्रके पुढे करतो. बाई संतोषाने जुना कागद देतात, वर चहाही पाजतात. दोघेही राजी! आणि तरीही हा व्यवहार न्याय्य आहे असे म्हणावयास ज्याची जीभ धजेल, त्याने एकदा बोहारणीकडे पाहावे.

बोहारीण जुन्या लुगड्यावर भांडे देते. ती घासाघीस करते, नाक मुरडते, जरीला नावे ठेवते. पण लुगडे उन्हात धरून दोघींनी पाहिलेले असते, आणि भांडे वाजवून घेण्याची मुभा घरधनिणीस असते. जर खरी की खोटी हे दोघींनाही कळते. म्हणजे ज्या बाईस आपण दारात बसवितो, तिचा सौदा उजेडात होतो. आणि ज्या विद्वानास दिवाणखान्यात बसवितो, त्याचा अंधारात! ज्याच्या अज्ञानावर आपला नफा उभा आहे, त्याची संमती ही संमतीच नव्हे. कारण आपण काय देत आहोत हे त्यास ठाऊकच नसते.

मराठवाड्यातील मनुष्यास तर हे शिकवावयास नको होते. निजामी अमलात येथे हाली रुपया चाले आणि शेजारच्या मुलखात कलदार. दोन्ही रुपयेच; पण शंभर कलदारांस 116 रुपये 10 आणे 8 पै हाली, म्हणजे सहास सात, हा भाव पेठेत सर्वांस ठाऊक असे. नाण्यांत फरक होता, तो लपविलेला नव्हता. म्हणूनच अदलाबदल होऊ शके. हाली देऊन ‘रुपयास रुपया’ म्हणत कलदार उचलणाऱ्यास पेठ लबाड म्हणाली असती. कागदास कागद देणारा आमचा संग्राहक याहून निराळे काय करतो?

यावर तीन आक्षेप येतात. पहिला कायद्याचा. 1872 चा करार कायदा नुसत्या मौनास सामान्यतः फसवणूक मानीत नाही, हे खरे. परंतु कायदा ही सभ्यतेची तळची पायरी आहे; तीवर उभे राहून शिखर गाठल्याचा आव कोणी आणू नये.

दुसरा आक्षेप श्रमाचा. ‘आम्ही वर्षानुवर्षे अभ्यास केला, त्याचे फळ आम्हांस नको काय?’ अभ्यास खराच आहे. पत्रकावर वार आणि तारीख असून साल नसले तर पंचांगाने ते काढावे लागते. निजामी कागदावरील फसली सनात 590 मिळवून इसवी सन सुमाराने काढावा लागतो. खिळ्यांचा दाब कागदाच्या पाठीवर उमटला आहे की भिंगाखाली ऑफसेटचे ठिपके दिसतात, यावरून अस्सल आणि नक्कल ओळखावी लागते. परंतु वैद्याची विद्या रोग सांगण्यासाठी असते, रोग्यापासून लपविण्यासाठी नव्हे. श्रमाचे मोल उघडपणे मागावे. ते मौनातून कापून घेऊ नये.

तिसरा आक्षेप सर्वांत सबळ: ‘आम्ही नेला नसता तर तो कागद रद्दीत गेला असता.’ हे पुष्कळदा सत्य असते. पण बुडत्यास काढणाऱ्याने त्याच्या बोटातील अंगठी काढून घ्यावी, हा न्याय कोठला? वाचविणाऱ्याचा हक्क कृतज्ञतेवर आहे, अज्ञानावर नाही.

मग न्याय्य अदलाबदल कोणती? आपण जे जाणतो ते सौद्यापूर्वी सांगावे: साल, दुर्मिळता, नक्कल की अस्सल, आणि आपल्या कागदाचे डाग, चिकटपट्टी, कापलेली कड हेही. मोलात अंतर असेल तर फरक रोख भरावा. जुन्या घरातून कागद नेताना त्याची चांगली प्रत त्या घरी ठेवावी, आणि तो कोठून आला हे त्याच्यासोबत लिहून ठेवावे. दोन जाणत्या संग्राहकांनी मात्र सर्व सांगून-ऐकून, आवडीपोटी एकास दहा दिले तरी तक्रार नाही; आवडीस भाव नसतो, लपवाछपवीस असतो.

हा प्रश्न आमच्या भागात केवळ छंदाचा नाही. जेथे जाहीर सभेस ‘गश्ती निशाण 53’ अन्वये पूर्वपरवानगी लागे, तेथे मराठी गाण्याच्या बैठकीचे छापील पत्रक ही क्षुल्लक चीज नव्हे. नांदेडचे अण्णासाहेब गुंजकर आणि त्यांचे शिष्य नाथराव नेरळकर यांच्या परंपरेचा इतिहास उद्या कोणी लिहू म्हणेल, तर त्यास अशाच ट्रंका उघडाव्या लागतील. एका घरात ठकविल्याची वार्ता दहा घरांत पसरते, आणि मग दहा ट्रंकांस कुलपे पडतात. तेव्हा लबाड संग्राहक एका बाईस लुटून थांबत नाही. त्याच्यामागून येणाऱ्या प्रत्येक प्रामाणिक अभ्यासकाच्या तोंडावर तो दार लावून जातो.