‘सवय करून घ्या’ म्हणता, मग शिकवा

उभी हयात इचलकरंजीत मागाच्या खात्यात गेली. माग दुरुस्त करणारा जॉबर होतो. धोटा अडतोय की पट्टा ढिला पडलाय, हे लांबूनही नुसत्या आवाजावरून ओळखायचो. शेजारच्याशी बोलणं मात्र हातवाऱ्यांनी, कारण त्या खडखडाटात ओरडूनही ऐकू जात नसे. काम सुटलं, माग थांबले. पण कानात एक बारीक शिट्टी राहिली आणि रात्री अंथरुणावर पडलं की तीच खोलीभर व्हायची.

डॉक्टरांनी कान तपासले, आलेख दाखवला आणि म्हणाले, ‘याला औषध नाही, सवय करून घ्या.’ सल्ला खोटा नव्हता. आतल्या कानातल्या केसासारख्या पेशी आवाजाने एकदा मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. कानाकडून येणारा संदेश कमी झाला की मेंदू आपलंच बटण वाढवतो आणि बाहेर नसलेला आवाज ऐकू येतो, असं बहुतेक तज्ज्ञ मानतात. गंमत अशी की मोजायला गेलं तर हा आवाज बहुतेकांत अगदी हळू भरतो. छळते ती त्याची भीती आणि त्याच्यावर ठेवलेला सततचा पहारा. म्हणजे उपाय करायचा तो पहाऱ्यावर. पण सवय कशी करायची, हे त्या चिठ्ठीवर कुठे लिहिलेलं नव्हतं.

ते मला कोल्हापुरात एका श्रवणतज्ज्ञ बाईंनी शिकवलं. पंखा चालू ठेवून बसायचं, शांत खोली हवीच असा हट्ट नाही. आधी श्वास, मग रस्त्यावरच्या गाड्या, पंखा, स्वयंपाकघरातली भांडी आणि त्याच रांगेत कानातली शिट्टी. तिला हाकलायचं नाही, तिच्याशी भांडायचं नाही. जबडा आवळतोय, छाती धडधडतेय, ‘आज डोळा लागणार नाही’ असं मनात येतंय, हेही नुसतं बघायचं. मित्र म्हणाले, त्यापेक्षा नामस्मरण कर, आवाज मागे पडेल. पडतोही, पण नाम थांबलं की माझ्यापुरता तो पुन्हा पुढे येई. इथे उलटं आहे: तो पुढेच असतो, आपण दचकत नाही. शिट्टी आजही आहे. मी झोपतो मात्र.

हे माझ्या एकट्याचं समाधान म्हणून सोडून देऊ नका. अशा सजगतेच्या ध्यानाला दवाखान्यात आणलं ते जॉन कबाट-झिन यांनी, १९७९ मध्ये अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समध्ये. पुढे लंडनमध्ये कानातल्या आवाजाने बेजार झालेल्या ७५ जणांवर चाचणी झाली, निष्कर्ष २०१७ मध्ये आले. काहींना आठ आठवडे सजगतेवर आधारित उपचार, बाकीच्यांना अंग सैल सोडण्याचं प्रशिक्षण. फायदा दोघांनाही झाला; ध्यानवाल्यांचा त्रास जास्त कमी झाला आणि तो फरक सहा महिन्यांनीही टिकला. आवाज किती जुना, ऐकू किती कमी, यावर गुण अवलंबून नव्हता. म्हातारपणी आता काय उपयोग, असं म्हणणाऱ्या माझ्या जुन्या सोबत्यांनी हे ऐकावं.

मात्र ध्यानाआधी डॉक्टर. आवाज एकाच कानात असेल, नाडीच्या ठोक्याबरोबर येत असेल, चक्कर येत असेल, तर तपासणी टाळू नका; एकाएकी ऐकू येईनासं झालं तर त्याच दिवशी जा. ऐकू कमी येत असेल तर श्रवणयंत्राचीही मदत होते. जाहिरातीतल्या गोळ्यांवर पैसे घालवू नका. त्यांतला जिंको बिलोबा या झाडाचा अर्क कानातल्या आवाजावर देऊ नये, असं अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ मध्येच सांगितलं आहे.

माझी मागणी साधी आहे. इचलकरंजी, भिवंडी, मालेगावसारख्या मागांच्या गावांत सरकारी आणि कामगार विमा रुग्णालयांनी आठ आठवड्यांचे असे वर्ग मराठीत आणि हिंदीत चालवावेत. त्याला मोठं यंत्र लागत नाही. एक खोली, सतरंज्या आणि शिकलेला माणूस लागतो. आवाजामुळे येणारा बहिरेपणा कायद्यातल्या कामामुळे होणाऱ्या रोगांच्या यादीत आहे, मग त्याच्या पाठोपाठ येणाऱ्या या छळाकडे पाठ का?

आणि आज खात्यात उभी असलेली पोरं? त्यांच्यापुढे ध्यानाचं नाव काढून मालकांनी सुटका करून घेऊ नये. त्यांना आधी कानात घालायला बोळे द्या, वर्षातून एकदा कान तपासा आणि माग दुरुस्त ठेवा.